पहिलाच धंदा टाकताय? खान्देशातल्या नवउद्योजकांसाठी प्रशिक्षण, मार्गदर्शक आणि बँकेचा रस्ता

खान्देशात कुणी धंदा टाकायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न येतो, "सबसिडी किती?" दुसरा येतो, "मशीन कुठून आणणार?" माल कोण घेणार, हे विचारायची वेळ येते तोवर फाइल बँकेत गेलेली असते. मग प्रशिक्षण म्हणजे फाइलला जोडायचं सर्टिफिकेट आणि मार्गदर्शक म्हणजे फाइल पुढे सरकवणारा ओळखीचा माणूस, एवढाच अर्थ उरतो.

मी यावल तालुक्यात केळी वेफर्सचं छोटं युनिट चालवते. प्रशिक्षण, उद्योग केंद्र, बँक, परवाने या सगळ्यातून गेले आहे. आता नवीन मुलं-मुली विचारायला येतात तेव्हा तेच ते सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. उदाहरणं वेफर्सची देते, कारण त्यातलं मला नीट कळतं. तुमचा धंदा बिबडे-पापडाचा असो, मिरची कांडपाचा, डाळीचा की फॅब्रिकेशनचा, क्रम हाच ठेवा. योजनांचे आकडे आणि अटी शासन अधूनमधून बदलतं, तेव्हा अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरचे नियम स्वतः वाचा.

1. आधी दुसऱ्याच्या कारखान्यात उभे राहा

वर्गातल्या प्रशिक्षणाच्याही आधीची ही पायरी आहे आणि नव्वद टक्के लोक ती गाळतात. ज्या धंद्यात उतरायचं आहे, त्या धंद्यात महिनाभर तरी मजूर म्हणून काम करा. पगार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी जा.

शेजारच्या गावचा कारखानदार तुम्हाला आत घेणार नाही, आणि त्याचं चुकतही नाही. उद्या तुम्ही त्याच्याच गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहणार. म्हणून लांबचा तालुका गाठा. रावेर-सावद्याकडच्यांनी शिरपूर, धुळे किंवा थेट बऱ्हाणपूर बघावं. नंदुरबारवाल्यांनी मिरचीसाठी जळगावकडे यावं. डाळ, चटई, पाइप यांत शिरायचं असेल तर जळगावच्या एमआयडीसीत एवढी युनिटं आहेत की कुठे ना कुठे आत शिरता येतं. मी शिकायला आलोय आणि माझं युनिट तुमच्या भागात नसेल, हे पहिल्याच दिवशी मालकाला सांगून टाका. लपवून शिकलात तर ते कळतंच, आणि पुढे तोच माणूस तुमचा मार्गदर्शक होऊ शकला असता, ती वाट बंद होते.

तिथे मशीनच्या मॉडेल नंबरकडे कमी बघा. बघायचं ते वेगळंच असतं. मशीन बंद पडलं की कोण येतो, किती वेळात येतो, सुटा भाग कुठून मागवतात? कच्चा माल उतरवताना मालक स्वतः उभा असतो का? वाया गेलेला माल कुठे जातो? बाया दुपारी किती वाजता थकतात? एप्रिल-मेमध्ये भट्टीपुढे काम कसं चालतं? जळगाव-भुसावळचा पारा 44-45 वर जातो तेव्हा कढईसमोर दुपारी कुणी उभं राहत नाही. तिथे पहाटेची पाळीच लावावी लागते. हे कुठल्याच प्रकल्प अहवालात लिहिलेलं नसतं.

2. शंभर किलोचा हिशेब हातानं करा

मशीन घ्यायच्या आधी थोडा माल करून बघायचा आणि विकून बघायचा. खाण्याचा पदार्थ असेल तर तो घरी करून सरळ दुकानात ठेवू नका, त्याला अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. ज्याच्याकडे परवाना आहे अशा युनिटमध्ये मजुरी देऊन माल करून घ्या, किंवा नोंदणी असलेल्या बचत गटाबरोबर करा. याचा आणखी एक फायदा आहे, तो पाचव्या पायरीत सांगते.

आता वजनकाटा घ्या. कच्ची केळी 100 किलो. सालं काढली की वजन साठ-पासष्ट किलोवर येतं. तळलं की पाणी उडून जातं, तेल आत शिरतं, आणि हातात साधारण पंचवीस ते तीस किलो वेफर्स येतात. आपण पंचवीस धरू, कारण तुकडे आणि करपलेले बाजूला काढावेच लागतात. नवा माणूस हिशेब मांडतो तेव्हा केळी धरतो, गॅस धरतो, मजुरी धरतो. वेफर्सच्या वजनातला जवळपास तिसरा हिस्सा तेलच असतं, हे त्याच्या डोक्यात नसतं.

भाव आपल्या सोयीचे धरू. केळी 12 रुपये किलोनं 1,200. आठ किलो तेल 140 नं 1,120. म्हणजे तेल केळीच्या बरोबरीनं आलं! गॅस 300. दोन बायांची मजुरी 800. शंभर ग्रॅमची 250 पाकिटं, पाऊच आणि लेबल मिळून दोन रुपयांनी 500. गाडीभाडं 200. बेरीज 4,120, म्हणजे पाकिटामागे साडेसोळा रुपये. छापील किंमत 30 ठेवली आणि दुकानदाराला 22 ला दिलं, तर 250 पाकिटांचे 5,500. हातात राहिले 1,380. वीज, भाडं, परत आलेला माल, बँकेचा हप्ता आणि तुमचा स्वतःचा पगार यातूनच भागवायचा आहे.

हे आकडे तुमचे नाहीत. तुमचे तुम्ही काट्यावर काढा. केळीचा भाव वर्षभर एक राहत नाही, हे खान्देशच्या माणसाला सांगायला नको. म्हणून हाच तक्ता केळी 8 रुपये, 15 रुपये आणि 22 रुपये धरून तीनदा मांडा. 22 ला काय होतं ते बघितल्यावर कितीतरी जण इथूनच मागे फिरतात. कर्ज डोक्यावर नसताना मागे फिरलेलं बरं.

तळणातलं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा वापरून खर्च वाचवू, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी नक्की देईल. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात टोटल पोलर कंपाउंड नावाचे खराब घटक वाढतात; त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. शिवाय जुन्या तेलातला माल मेमध्ये पंधरा दिवसांतच खवट होतो आणि दुकानदार पुन्हा दारात उभं करत नाही.

मग ती पाकिटं घेऊन विकायला निघा. नातेवाइकांना विकलेलं मोजू नका, ते घेतातच. एसटी स्टँडवरची टपरी, कॉलेजचं कँटीन, किराणा दुकान, लग्नाची ऑर्डर, अशा वेगवेगळ्या ठिकाणी जा. दुसऱ्यांदा ज्यांनी मागवलं तेवढीच तुमची गिऱ्हाइकं. जैन इरिगेशनच्या भवरलाल जैन यांची जळगावातली सुरुवातही 1963 मध्ये रॉकेलच्या एजन्सीनं झाली होती. केळी पावडरचा जुना कारखाना त्यांनी घेतला तो 1978 मध्ये. मधली वर्षं विकण्यात गेली, हे आपण उदाहरण देताना विसरतो.

3. प्रशिक्षण कुठे मिळतं

आता वर्गात बसायला अर्थ आहे, कारण आता विचारायला प्रश्न आहेत. पर्याय बरेच आहेत आणि बहुतेक फुकट आहेत.

आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था. बँकांनी चालवलेली. कर्नाटकात उजिरे इथे 1982 मध्ये असं पहिलं केंद्र सुरू झालं, त्याच धर्तीवर पुढे देशभर निघाली. राहणं-जेवण मोफत, कोर्स सहा दिवसांपासून महिना-दीड महिन्यापर्यंत. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मसाले-पापड, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर असे विषय. माझ्या मते आरसेटीची खरी किंमत कोर्समध्ये नाही, त्यानंतरच्या पाठपुराव्यात आहे. कोर्स संपल्यावर दोन वर्षं प्रशिक्षणार्थीच्या मागे राहायचं, हे त्यांच्या कामातच धरलेलं असतं. ते तुम्हाला फोन करतील याची वाट बघू नका, तुम्हीच करा.

एमसीईडी, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र. 1988 पासून आहे, मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला. उद्योजकता विकासाचे वर्ग हेच त्यांचं काम. प्रकल्प अहवाल, बाजारपेठ पाहणी, बँकेशी बोलणं हे इथे शिकवतात. हातानं माल करायला इथे कमी मिळतं.

कृषी विज्ञान केंद्रं. शेतमालावर प्रक्रिया करायची असेल तर माझी पहिली पसंती इथे. जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबाद, शिवाय धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतही केंद्रं आहेत. पदार्थ प्रत्यक्ष करून दाखवतात, आणि कच्च्या मालाचं वाण कुठलं घ्यावं हे सांगणारा शास्त्रज्ञ समोर असतो. केळीबद्दल काही अडलं तर जळगावात केळी संशोधन केंद्रच आहे.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं केसीआयआयएल हे इनक्युबेशन केंद्र, म्हणजे नव्या कल्पनेचा धंदा उभा करायला मदत करणारं. तुमच्याकडे नवी वस्तू, यंत्र, अॅप, पेटंटसारखं काही असेल तर इथे जा. नेहमीचा वेफर्स-पापडाचा धंदा घेऊन गेलात तर तुमचाही वेळ जाईल आणि त्यांचाही.

पारंपरिक कारागीर असाल, म्हणजे सुतार, लोहार, कुंभार, सोनार, शिंपी वगैरे अठरा व्यवसायांपैकी, तर 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना बघा. प्रशिक्षणाच्या काळात रोजचे 500 रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. बचत गटातल्या ताईंनी आधी उमेद (ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या तालुक्यातल्या माणसाला गाठावं, तिथूनच वाट सोपी होते.

इथली एक नेहमीची फसवणूक सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. "आमच्याकडून मशीन घ्या, ट्रेनिंग फुकट, कच्चा माल आम्हीच देऊ, तयार माल आम्हीच परत घेऊ." अगरबत्ती, कापूर, पेपर प्लेट, पेनची जोडणी, वस्तू बदलते, बोलणं तेच. पहिले एक-दोन वेळा माल घेतात. मग "क्वालिटी बसत नाही" म्हणतात, मग फोन बंद होतो. करारावर त्यांचा पत्ता दुसऱ्या राज्यातला असतो. जो मशीन विकतो त्याचा धंदा मशीनचा असतो. तुमच्या मालाचं गिऱ्हाईक तोच असेल तर तुमच्याकडे गिऱ्हाईक नाही, असंच धरून चाला.

4. वर्गातून काय पदरात पाडून घ्यायचं

हजेरीची सही करून मोबाइल बघत बसणारे प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यांनाही तेच सर्टिफिकेट मिळतं. तुम्ही मात्र तीन गोष्टी घेऊन बाहेर पडा.

पहिली, तुमचा हिशेबाचा तक्ता. दुसऱ्या पायरीत जो मांडला तो प्रशिक्षकासमोर ठेवा आणि "यात काय धरलेलं नाही?" असं विचारा. "माझा धंदा चालेल का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात.

दुसरी, बॅचमधले लोक. पाऊच कुठून घेतो, टेम्पो कुणाचा, सीए किती घेतो ही माहिती पाहुण्या वक्त्यांकडून मिळत नाही, बाकावर शेजारी बसलेल्याकडून मिळते. पाऊचचा छापखाना एका डिझाइनची मोठी संख्या मागतो. दोघा-तिघांनी मिळून साधी पाऊच घेऊन वेगवेगळी स्टिकरं लावली तर पहिल्या वर्षाचा बराच पैसा वाचतो.

तिसरी, ओळख. बँकेचे अधिकारी, उद्योग केंद्राचे निरीक्षक, जुने प्रशिक्षणार्थी यांना एका सत्रासाठी बोलावलेलं असतं. सत्र संपल्यावर चहाच्या वेळी दोन मिनिटं बोला, आपलं गाव आणि धंदा सांगा. पुढे फाइल घेऊन जाल तेव्हा तुम्ही अनोळखी नसता.

ऑनलाइन कोर्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. योजनेची अट भागवायला तो चालतो. तळणाचा वास मात्र त्यातून येत नाही.

5. मार्गदर्शक: कोण, कुठे, किती

एकच माणूस सगळं शिकवेल, ही अपेक्षा सोडा. मला विचाराल तर तिघं लागतात: एक मालाचा, एक बाजाराचा, एक हिशेबाचा.

मालाचा माणूस पहिल्या पायरीतून मिळतो, ज्याच्या कारखान्यात तुम्ही घाम गाळला तो. नाहीतर एमआयडीसीतला जुना फोरमन, निवृत्त झालेला. असे काका प्रत्येक गावात आहेत, आणि कुणी विचारायला आलं की त्यांना आनंद होतो.

हिशेबाचा माणूस म्हणजे निवृत्त बँक अधिकारी किंवा छोट्या उद्योगांची कामं करणारा सीए. निवृत्त बँकवाला अधिक बरा, कारण कर्ज कुठल्या कारणानं थकतं हे त्यानं टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं असतं.

बाजाराचा माणूस मिळवणं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कामाचं. जळगावचा दाणाबाजार, धुळ्यात पाचकंदीलचा भाग, किंवा तुमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतला एखादा जुना ठोक व्यापारी. त्याला भाषण नको असतं. तुम्ही पाकीट समोर ठेवता. तो आधी वाचत नाही. पाकीट दोन तळव्यांमध्ये धरून हळूच दाबतो, सील सुटतं का बघतो. मग कोपरा फाडून नाकाशी नेतो. एक वेफर मोडून त्याचा आवाज ऐकतो. तोंडात घालणं सगळ्यात शेवटी. मग विचारतो, "ताई, उधारी किती दिवसाची? आन परत आलेला माल कोन घेईन?" या दोन प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील तर सांगा, "काका, अजून ठरवलं नाही, तुम्ही सांगा." बऱ्याचदा तिथूनच शिकवणी सुरू होते.

वागण्याचे काही नियम पाळा. सकाळी गाड्या उतरत असतात तेव्हा व्यापाऱ्याकडे जायचं नाही; दुपारी जेवणानंतर दुकान निवांत असतं. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कुणालाही त्रास द्यायचा नाही. त्याच्याकडे उसने पैसे मागायचे नाहीत आणि त्याच्या गिऱ्हाइकांची नावं तर कधीच नाहीत. तो ज्या किमतीला इतरांचा माल घेतो ते बाहेर बोलायचं नाही. आपल्याकडे बाजारात बातमी एसटीच्या आधी पोचते.

महिन्यातून एकदा भेटा आणि एक कागद घेऊन जा. त्यावर पाचच ओळी: किती माल केला, किती विकला, किती उधारी बाकी, किती शिल्लक पडला, बँकेत किती आहे. "बरं चाललंय" असं सांगून कुणी तुम्हाला काही सांगू शकत नाही. उधारीचा आकडा सलग दोन महिने विक्रीपेक्षा जोरात वाढतोय हे दिसलं, की तो माणूस नेमकं बोट ठेवतो.

आणि सावध कुणापासून राहायचं? मार्गदर्शन म्हणता म्हणता पहिल्याच महिन्यात भागीदारी मागणारा. "माझ्याच दुकानातून मशीन घे" म्हणणारा. आणि घरातले. भाऊ, मेव्हणा, सासरे यांचं प्रेम खरं असतं, पण ते एकतर "कर बिनधास्त" म्हणतात किंवा "नोकरी बघ" म्हणतात, मधलं काही बोलत नाहीत.

अन्नप्रक्रियेत असाल तर एक सरकारी मार्गदर्शकही आहे. पीएमएफएमई या 2020 च्या योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात. कृषी विभागाच्या कार्यालयात त्यांची नावं मिळतात. प्रकल्प अहवाल, बँकेचा पाठपुरावा, नंतरच्या नोंदण्या यांत मदत करणं हे त्यांचं काम, आणि त्याचं मानधन योजनेतून मिळतं. तुम्ही त्यांना काही द्यायचं नाही. या योजनेत प्रकल्पाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे, आणि चालू युनिट वाढवायलाही ते मिळतं. जळगाव जिल्ह्याचं ठरलेलं उत्पादन केळी आहे.

पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेचं उलट आहे, तिचं पहिलं कर्ज आणि अनुदान फक्त नव्या युनिटसाठी. तुम्ही स्वतःच्या नावानं युनिट आधीच सुरू करून बसलात तर ते जुनं धरलं जातं आणि अर्ज बाद होतो. चाचणीचा माल दुसऱ्याच्या युनिटमध्ये करा असं वर म्हटलं, त्याचं दुसरं कारण हे.

6. प्रकल्प अहवाल आणि बँक

अहवाल कुणाकडूनही टाइप करून घ्या, पण त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला तोंडी सांगता आला पाहिजे. सायबर कॅफेत मिळणाऱ्या तयार अहवालात कच्चा माल म्हणून कधी बटाटा लिहिलेला असतो, तर कधी दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव. बँक मॅनेजर रोज असे दहा कागद बघतो. तो विचारतो, "दिवसाला किती किलो? वीज किती लोडची? उधारी किती धरली?" दुसऱ्या पायरीचा तक्ता इथे कामाला येतो.

सबसिडीचा खरा अर्थ समजून घ्या. समजा ग्रामीण भागातली महिला पीएमईजीपीतून 10 लाखांचा प्रकल्प करते आहे. महिला म्हणून तिला विशेष प्रवर्ग लागू होतो: स्वतःचे 5 टक्के म्हणजे 50 हजार, अनुदान 35 टक्के म्हणजे साडेतीन लाख. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला ग्रामीण भागात हेच 10 टक्के आणि 25 टक्के. हे साडेतीन लाख हातात येत नाहीत. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात, युनिट चालू आहे का याची तपासणी होते, मग कर्जात जमा होतात. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, एवढंच. सबसिडीच्या भरवशावर घराचा स्लॅब टाकायचं ठरवलेलं असेल तर आत्ताच विसरा. 2022 मध्ये उत्पादन उद्योगाची मर्यादा 50 लाख आणि सेवेची 20 लाख झाली. म्हणून पहिल्याच फटक्यात 50 लाखांचा प्रकल्प दाखवायचा सल्ला देणारेही आहेत. ज्याचा हप्ता मंदीच्या महिन्यातही भरता येईल तेवढाच प्रकल्प घ्या.

उद्योजकता प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय अनुदानाची रक्कम सुटत नाही. तुमचं आधीचं सर्टिफिकेट त्यासाठी चालतं का, हे जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारून घ्या. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो, नवरा-बायकोचे दोन अर्ज टाकू नका.

छोट्या उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तरी मागतात. भांडू नका, "साहेब, लेखी द्या" एवढं शांतपणे म्हणा. त्या आधी स्वतःचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा अहवाल, तपासा. पीककर्ज थकलेलं असेल, मोबाइलचा हप्ता बुडालेला असेल, मित्राला जामीन राहिला असाल, ते सगळं तिथे दिसतं.

आणि एजंट. "फाइल मंजूर करून देतो, दहा टक्के द्या" म्हणणारा माणूस प्रत्येक कार्यालयाच्या बाहेर चहाच्या टपरीवर भेटतो. अर्ज ऑनलाइन आहे, फुकट आहे. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तीही फुकट आहे. आधार आणि पॅनवर होते. पैसे मागणाऱ्या हुबेहूब दिसणाऱ्या वेबसाइट आहेत, सरकारी पत्ता नीट बघून घ्या.

7. कागद

एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये मूळ आणि प्रत्येकी चार झेरॉक्स:

- आधार, पॅन, फोटो, बँक पासबुक
- शाळा सोडल्याचा दाखला आणि शेवटची गुणपत्रिका (मोठ्या प्रकल्पाला किमान आठवी पास लागते)
- लागू असेल तर जातीचा दाखला
- ग्रामीण भागाचा दाखला
- जागेचा कागद: ग्रामपंचायतीचा नमुना 8, भाड्याची असेल तर करारनामा, आणि ग्रामपंचायतीची ना हरकत
- मशीनची कोटेशन, शक्यतो जीएसटी क्रमांक असलेल्या दोन-तीन विक्रेत्यांची
- प्रकल्प अहवाल, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट

नावातला फरक आत्ताच दुरुस्त करा. आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं आणि जातीच्या दाखल्यात वडिलांच्या नावातलं एक अक्षर वेगळं. निम्म्या फायली यातच अडकतात.

जागेबद्दल थोडं. शेतात शेड आहे म्हणून तिथेच युनिट टाकू, असा विचार खूप जण करतात. शेतीपंपाच्या फीडरवर वीज दिवसाचे काही तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री, आणि शेतीच्या जोडणीवर कारखाना चालवता येत नाही. महावितरणकडे उद्योगाची जोडणी मागा, खांब किती लांब आहे आणि खर्च किती येईल याचं अंदाजपत्रक आधी घ्या, मग जागा ठरवा. गावठाणातली लहान खोली शेतातल्या मोठ्या शेडपेक्षा स्वस्त पडते असं बऱ्याचदा निघतं.

8. मशीन आल्यावरचे पहिले महिने

मशीन बसवायला येणाऱ्या कारागिराला लगेच सोडू नका. तुमच्या मालावर, तुमच्या माणसांच्या हातून, सलग दोन दिवस मशीन चालवून घ्या आणि मगच शेवटचं पेमेंट करा. चकत्या कापायचं पातं बदलणं, पट्टा ताणणं, सीलरचं तापमान लावणं हे त्याच्यासमोर स्वतः करून बघा, मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

प्रत्येक दिवसाच्या मालाला बॅच नंबर द्या आणि त्यातली दोन पाकिटं बाजूला ठेवा. एक सावलीत, एक पत्र्याखाली. आठवड्यातून एकदा फोडून वास घ्या. पाकिटावर "तीन महिने टिकतं" असं छापायच्या आधी ते पत्र्याखालचं पाकीट काय म्हणतं ते ऐका. लेबलवर निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाची तारीख, पूर्ण पत्ता, अन्नसुरक्षा क्रमांक आणि हिरवा ठिपका असल्याशिवाय एकही पाकीट बाहेर जाऊ देऊ नका.

उधारीची वही घरच्या वहीपेक्षा वेगळी ठेवा. धंद्याचं खातंही वेगळं. दुकानातल्या गल्ल्यातून किराणा आणला की महिन्याच्या कागदावरच्या पाचही ओळी खोट्या होतात. स्वतःला पगार लावा, चार हजार का असेना, आणि तेवढाच काढा.

नव्या दुकानदाराला पहिल्यांदा एकच डझन द्या. तो म्हणेल, "एवढंसं काय देते, पेटीच ठेव." पेटी ठेवली की ती मागच्या फळीवर जाते, आणि दोन महिन्यांनी धुळीसकट परत येते. डझन संपल्यावर त्याचा फोन आला तर पुढच्या वेळी दोन डझन, आणि मागच्याचे पैसे मिळाल्यावरच.

मार्चमध्ये प्रशिक्षण संस्थेला आणि तिन्ही मार्गदर्शकांना त्या वर्षाचा हिशेब दाखवून घ्या, कारण एप्रिलपासून लग्नसराईची मागणी आणि उन्हाचा तडाखा दोन्ही एकदम सुरू होतात. तेव्हा कुणालाच बोलायला वेळ नसतो, तुम्हालाही नाही.